मनी आणि मनी प्लांट

बीडमध्ये उजेडाची टंचाई आहे असं म्हटलं तर लोक हसतील. टंचाई पाण्याची, ऊन तर एप्रिल-मेत नको नको होतं, पारा चाळिशीच्या वर असतो. पण ही गोष्ट घराबाहेरची. उन्हापासून वाचायचं म्हणूनच इथली घरं मुळात अंधारी बांधलेली. जुन्या वाड्यांना जाड भिंती आणि लहान खिडक्या. माळवदाच्या घरात उजेड यायचा तो वरच्या साण्यातून. आता बीडच्या जालना रोड, बार्शी रोड, नगर रोडच्या कडेने आणि अंबाजोगाई-परळीतही इमारती उभ्या राहिल्या, पण एकीची खिडकी दुसरीच्या भिंतीकडे उघडते. जी खिडकी मोकळी असते तिच्यात मार्चपासून कूलर बसतो आणि उरलेल्या फटीवर जाड पडदा येतो.

अशा घरात झाड लावायचं तर नर्सरीवाल्याकडे ठरलेली यादी असते: मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी, अग्लोनेमा, डिफेनबेकिया, पीस लिली, लकी बांबू. कमी उजेडात टिकण्याच्या बाबतीत यादी बरोबर आहे. घरात मांजर असेल तर मात्र यातलं एकही नाव बिनधोक नाही. गल्लीत फिरणारं मांजर बाहेरचं गवत तरी खातं. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधल्या मांजराला हिरवं काय ते कुंडीतच दिसतं.

म्हणजे उजेड, पाणी आणि मांजर अशा तीन अटी एकदम पाळायच्या आहेत. सल्ला देणारे बहुतेक जण उजेडापासून सुरुवात करतात, मग पाण्याकडे येतात आणि मांजराचं शेवटी पाहतात. या लेखाचं म्हणणं आहे की क्रम उलटा हवा. उजेड दिव्याने वाढवता येतो, पाणी गोळा करून सुधारता येतं. पानातलं विष कशानेही काढता येत नाही.

उजेड किती आणि कुठला

उजेड मोजायला डोळा कामाचा नाही. खोलीत शिरलं की बाहुली मोठी होते आणि अंधार जाणवेनासा होतो. लक्सचे आकडे पाहिले की फरक समजतो. भर दुपारच्या उघड्या उन्हात १,००,००० च्या आसपास लक्स असतात, दाट ढगाळ दिवशी मोकळ्यावर १०,००० च्या आसपास. आरामात वाचता येईल अशा खोलीत ३०० ते ५००, आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात अनेकदा ५० सुद्धा भरत नाहीत. सावलीत चालणारी म्हणतात त्या झाडांनाही रोज दहा-बारा तास साधारण २५० ते १,००० लक्स लागतात. मोबाइलमधलं लक्समीटरचं ॲप फार अचूक नसतं, पण घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरतं.

याहून कमी उजेडात झाड लगेच मरत नाही, आणि तिथेच फसगत होते. ते साठवलेलं खात राहतं. नवरात्रात देवघरात घटाभोवती पेरलेलं धान आठवा. नऊ दिवसांत ते वीतभर वाढतं, दसऱ्याला टोपीत खोवतात, पण रंग पिवळसर आणि काडी लेचीपेची. बियाण्यातला साठा खर्च करून ते उजेडाकडे धावलेलं असतं. अंधाऱ्या दिवाणखान्यातल्या झाडाचं हेच होतं, फक्त नऊ दिवसांऐवजी त्याला काही महिने लागतात. दोन पानांमधलं अंतर वाढत चाललं, नवी पानं आधीच्यापेक्षा लहान येऊ लागली, की झाड उपाशी आहे असं धरून चालावं.

खिडकीच्या दिशेबद्दलही परकी पुस्तकं इथे दिशाभूल करतात. दक्षिणेची खिडकी सर्वांत उजळ, उत्तरेची सर्वांत अंधारी, हा नियम युरोप-अमेरिकेचा. बीड १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही. उत्तरेच्या खिडकीत मात्र सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन डोकावतं. डिसेंबरात उलट होतं. दुपारचा सूर्य दक्षिणेला ४७-४८ अंशांवर असतो आणि ऊन दक्षिणेच्या खोलीत आतपर्यंत पोचतं. म्हणून कुंड्यांच्या जागा वर्षातून दोनदा बदलाव्या लागतात. बारमाही भरवशाची खिडकी पूर्वेची. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मेत पानं भाजून काढते. तिथे कुंडी काचेपासून हात-दीड हात आत हवी. त्याहून फार आत नेली तर उजेड झपाट्याने पडतो.

खिडकीच्या कठड्यावर आणखी एक दावेदार असतो. ऊन अंगावर घेत बसायला मांजराला तीच जागा लागते. अर्धा कठडा त्याच्यासाठी मोकळा ठेवला नाही तर कुंडी खाली येणार हे ठरलेलं. प्लास्टिकची हलकी कुंडी अशा घरात टिकत नाही. बुडाला रुंद, जड मातीची किंवा सिमेंटची बरी.

सावली आणि विष

नर्सरीच्या त्या यादीतली इतकी झाडं मांजराला बाधक असावीत, हा निव्वळ योगायोग नाही. घरात टिकणारी पुष्कळ झाडं मूळची उष्ण प्रदेशातल्या जंगलाच्या तळाशी, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारी. तिथे उजेड थोडा, म्हणून वाढ मंद. एकेक पान महागात पडतं. पान कुणी खाल्लं तर नवं काढणं परवडत नाही, म्हणून अशा झाडांना आहे ते पान राखण्यावर जास्त खर्च करावा लागतो. कोली, ब्रायंट आणि चॅपिन या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हा विचार सिद्धान्त म्हणून मांडला. प्रत्येक झाडाला तो लागू पडत नाही, पण आपल्या दिवाणखान्यातल्या झाडांबद्दल त्यातून बरंच उलगडतं.

त्यांच्या बचावाचं मुख्य हत्यार मराठी स्वयंपाकघराला चांगलं माहीत आहे. अळू नीट शिजलं नाही, चिंच कमी पडली, की घसा खवखवतो. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. मनी प्लांट, डिफेनबेकिया, अग्लोनेमा, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, पीस लिली आणि झीझी ही सगळी अळूच्याच कुळातली आणि सगळ्यांत हे स्फटिक आहेत. आपण अळू शिजवतो. मांजर मनी प्लांटचं पान कच्चं चावतं.

त्यात मांजराचं शरीर वेगळं. ते पूर्ण मांसाहारी. वनस्पतींमधली अनेक द्रव्यं निकामी करून बाहेर टाकणारी यकृताची एक यंत्रणा मांजरात फार दुबळी आहे. कुत्र्याला किंवा माणसाला सोसतं ते मांजराला सोसेलच असं नाही. स्वयंपाकघरातला कांदा आणि लसूण माणसाला सोसतात, मांजराला नाही. दोन्हींमुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

विषाच्या पायऱ्या

‘विषारी’ हा एकच शिक्का मारून भागत नाही. धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या तरच घाबरायचं कधी हे कळतं.

पहिली पायरी वर सांगितलेल्या अळूच्या कुळाची. मांजर लाळ गाळतं, पंजाने तोंड ओरबाडतं, ओकतं, दिवसभर खात नाही. त्रास खरा असतो, पण जीव सहसा जात नाही. पहिला घास झोंबला की बहुतेक मांजरं पुढे खातच नाहीत.

दुसरी पायरी सॅपोनिन हे द्रव्य असलेल्या झाडांची. स्नेक प्लांट, ड्रॅसिना, लकी बांबू आणि दाराला टांगायची कोरफड यांत येतात. उलट्या आणि जुलाब होतात, पिल्लू किंवा म्हातारं मांजर गळून जातं. सजावटीचा शतावरी फर्नही याच गटात धरावा; तो औषधी शतावरीचा भाऊबंद आहे, फर्न नव्हे.

तिसरी पायरी जिवावरची. नर्सरीत सायकस किंवा सॅगो पाम नावाने मिळणारं झाड यकृत निकामी करतं. बिया सर्वांत घातक, पण पानंही सुटत नाहीत. कण्हेर आणि पिवळी कण्हेर हृदयावर जातात, पानफुटीच्या जातीतलं कलँचोही तसंच. कळलावीत कोल्चिसिन हे विष असतं. आणि बुकेमधली खरी लिली: तिचं पान, पाकळी, अंगावर पडून चाटलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पडू शकतात. उपचार साधारण १८ तासांच्या आत सुरू झाले तर वाचण्याची आशा चांगली असते.

हे तास बीड जिल्ह्यात फार मोलाचे आहेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचं मुख्य काम गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांचं. परभणीचं आणि उदगीरचं पशुवैद्यक महाविद्यालय, दोन्ही जिल्ह्याबाहेर. पुण्या-मुंबईच्या माणसाला जो धोका रात्रीत दवाखाना गाठून निभावता येतो, तो आष्टी-पाटोद्याच्या किंवा धारूरच्या माणसाला परवडत नाही. म्हणून तिसऱ्या पायरीचं काहीही मांजराच्या घरात आणायचं नाही. उंच ठेवू, टांगून ठेवू, ही पळवाट नको. मांजर कपाटावर चढतंच आणि वाळलेलं पान खाली पडतंच.

सणासुदीला या पायरीचं सामान आपण स्वतः घरात आणतो. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोत्रा, रुई आणि कण्हेर असतात. पूजेपर्यंत पत्री बंद डब्यात आणि नंतरचं निर्माल्य त्याच दिवशी घराबाहेर, एवढं केलं तरी पुरे. त्याच टोपलीतल्या दूर्वा मांजराने कुरतडल्या तर बिघडत नाही. ते गवतच आहे. लग्नातून, सत्कारातून आलेला बुके मात्र दारातच तपासावा.

खाल्ल्याचा संशय आला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावणं, तूप किंवा दूध ओतणं, यांनी नुकसानच होतं. तोंड ओल्या फडक्याने पुसावं, पानाचा तुकडा किंवा फोटो सोबत घ्यावा आणि डॉक्टरला आधी फोन करून निघावं.

मांजर पान खातंच का

चिडून किंवा आजारी पडून मांजर पान खातं असा समज आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरपालकांना विचारलं तेव्हा ७१ टक्के लोकांनी आपलं मांजर निदान सहा वेळा तरी झाडपाला खाताना पाहिलं होतं. खाण्याआधी बहुतेक मांजरं ठणठणीत दिसत होती आणि खाल्ल्यावर वारंवार ओकणारी साधारण पाव हिस्साच होती. पूर्वजांच्या पोटातले जंत बाहेर काढायला तंतुमय गवताचा उपयोग व्हायचा, त्या सवयीचा हा अवशेष असावा, असं त्या संशोधकांचं मत. म्हणजे ओरडून, पाणी फवारून सवय जाणार नाही. तिला वाट करून द्यावी लागते.

वाट स्वस्त आहे. पसरट ट्रेमध्ये मूठभर गहू पेरला की आठवड्याभरात गव्हांकुर तयार. इथे अंधारी खोलीही अडत नाही, कारण तेवढे दिवस अंकुर दाण्यातल्या साठ्यावर वाढतो. दर आठवड्याला नवा ट्रे पेरावा. ज्वारी मात्र पेरू नये. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पोटरीत न आलेल्या ज्वारीत जनावर शिरलं तर काय होतं हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. घटातल्या मिश्र धानात ज्वारी असली तर तेही मांजराच्या वाटेवर ठेवू नये.

उरलेली यादी

मांजराच्या चाळणीतून बरीच झाडं गळतात, तरी उरतात तीही कमी नाहीत. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेची यादी यासाठी जगभर वापरली जाते. तिच्यात मांजराला निर्धोक ठरलेली आणि कमी ते मध्यम उजेडात चालणारी झाडं बीडच्या हवापाण्याला लावून पाहू.

इथे पाणी आडवं येतं. बीड शहराचं पाणी बिंदुसरा आणि माजलगाव धरणांतून येतं, नळ रोज येत नाही, आणि अनेक घरांत बोअरचं जड पाणीच वापरात असतं. ते आटलं की क्षार कुंडीत साचतात आणि पानांची टोकं तपकिरी होतात. आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालणं काटकसरीचं वाटतं, पण त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचंही तेच. एसीच्या नळीतून गळणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. पावसाचं पाणी दोन-चार कॅन भरून ठेवलं तर नाजूक झाडांची काही आठवड्यांची सोय होते.

या कसोटीवर पहिला नंबर हावर्थियाचा. दिसायला छोट्या कोरफडीसारखी, मांजराला निर्धोक, जाड पानांत पाणी धरून ठेवणारी आणि खिडकीजवळच्या मध्यम उजेडात समाधानी. पाण्याचा टँकर मागवणाऱ्या घराला हिच्याइतकं सोयीचं झाड दुसरं नाही. पेपेरोमियाही तसाच. तो मिरी आणि नागवेलीच्या कुळातला. पानं जाड, पाणी आठवड्याला एकदाच. त्याच्या वेलासारख्या जाती आणि मेणासारख्या पानांची होया या दोघी मिळून मनी प्लांटची जागा भरून काढतात.

स्पायडर प्लांट सर्वांत सहज मिळतो आणि सर्वांत सहज वाढतो. पावसाळ्यात रानभाजी म्हणून खाल्ली जाणारी फोडशी आणि औषधी सफेद मुसळी यांचं हे जवळचं नातलग. मांजराला त्याच्या लोंबत्या पानांचं विलक्षण वेड. निर्धोक असला तरी पोटभर खाल्ला तर उलटी होतेच. टोकं करपली तर पाणी बदलून पाहावं.

स्नेक प्लांटची जागा घेणारं झाड एस्पिडिस्ट्रा. गॅसच्या धुरकट दिव्यांच्या काळात इंग्लंडच्या अंधाऱ्या दिवाणखान्यांत ते टिकलं, यावरून त्याची चिकाटी समजावी. वाढ अतिशय मंद, म्हणून नर्सरीत क्वचित दिसतं; मागवून घ्यावं लागतं. मोठं काही हवं असेल तर पार्लर पाम. अरेका पाम निर्धोक आहे, पण त्याला उजेड अधिक लागतो.

कॅलेथिया आणि मरांटा यांची पानं सर्वांत देखणी आणि त्यांची नखरेलगिरीही सर्वांत मोठी. खरं आरारूट ज्यापासून मिळतं त्याच मरांटाच्या घरातली ही झाडं. रात्री पानं मिटून उभी करतात. बीडच्या मे महिन्याची कोरडी हवा आणि बोअरचं पाणी त्यांना मानवत नाही. बोस्टन फर्नचीही अडचण तीच. ही हौस असेल तर झाड जूनमध्ये आणावं, म्हणजे दमट हवेचे चार महिने रुळायला मिळतात, आणि उन्हाळ्यात त्याला कूलरच्या खोलीत ठेवावं.

खरेदी करताना दुकानातल्या नावावर विसंबू नये. लकी बांबू हा बांबू नाही, सॅगो पाम हा पाम नाही, पीस लिली ही लिली नाही. शास्त्रीय नाव विचारावं. ते सांगता येत नसेल तर झाड नंतर घ्यावं.

माती, कीड, दिवा

जिल्ह्यातली काळी माती कपाशीला सोन्याची, कुंडीत मात्र घातक. ओली असताना ती पाणी सोडत नाही आणि वाळली की भेगाळून कडेने पाणी वाहू देते. कमी उजेडात झाड पाणी हळू पितं. त्यात ही माती असली की मुळं कुजतात. घरातली झाडं उन्हाने किंवा तहानेने मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू आणि थोडं गांडूळ खत हे मिश्रण चालतं. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

मांजर कुंडी उकरत असेल तर वर मोठे गोटे पसरावेत. हाडांचं खत वापरू नये. वासाने मांजर हमखास उकरतं. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून गरोदर बाईने कुंडीची माती हाताळणं टाळावं आणि इतरांनीही हात धुवावेत.

पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला की शेतकरी घरात हात पटकन फवारणीच्या औषधाकडे जातो. सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन ही औषधं मांजराला फारच घातक. पानावरचा अंश चाटूनही झटके येऊ शकतात. घरातल्या दोन-चार कुंड्यांना साबणाचं पाणी आणि ओलं फडकं पुरतं. फडक्याचा दुसरा फायदा असा की धूळ निघते आणि आधीच तोकडा उजेड पानापर्यंत पोचतो. औष्णिक वीज केंद्राची राख झेलणाऱ्या परळीत तर हे आठवड्याचं काम समजावं.

उजेडाच्या कमतरतेवर सर्वांत खात्रीचा उपाय साधा आहे. महागड्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही. २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब झाडांच्या वर फूटभर अंतरावर लावली की हजाराहून जास्त लक्स मिळतात. रोज १२ तास लावली तर महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज. वीज गेली म्हणून काही तास खंड पडला तर झाडाला फरक पडत नाही.

हवा शुद्ध होते का

मनी प्लांट आणि स्नेक प्लांट सोडायला लोक तयार नसतात, कारण ही झाडं हवा शुद्ध करतात असं त्यांनी ऐकलेलं असतं. या समजुतीचं मूळ नासासाठी वोल्व्हर्टन यांनी केलेल्या १९८९ च्या प्रयोगात आहे. प्रयोग हवाबंद पेटीतला होता. कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. उघड्या खिडकीइतकं काम करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष. हवेसाठी झाड हे कारण गळून पडलं की मांजराला बाधणारं झाड घरात ठेवायचं कारणही उरत नाही.

एका खिडकीच्या घराचं उदाहरण घेऊ. कठड्याच्या अर्ध्या भागात हावर्थिया आणि पेपेरोमिया, उरलेला अर्धा मांजराचा. खिडकीपासून हातभर आत स्पायडर प्लांट. आतल्या भिंतीशी ट्यूबखाली पार्लर पाम, आणि जमिनीवर गव्हांकुराचा ट्रे. चार कुंड्या, एक दिवा, मूठभर गहू. यात पाण्याचा ताण नाही, विजेचं बिल नाममात्र, आणि मांजर हिरव्यावर तुटून पडलं तरी फार तर एखादी उलटी. ज्यांच्याकडे मनी प्लांट आधीच वाढलेला आहे त्यांनी तो फेकायचीही गरज नाही. मांजर नसलेल्या शेजाऱ्याला द्यावा आणि बदल्यात स्पायडर प्लांटची दोन पिल्लं मागून घ्यावीत.